व्हॅलेन्सियातला लागलेला भात

पुण्याची माणसं प्रवासाला निघताना तीन गोष्टी बरोबर घेतात, असं आमचे नागपूरकर यजमान म्हणतात: खाण्याचा डबा, पाण्याची बाटली आणि तक्रार. यंदा सप्टेंबरात आम्ही स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला निघालो तेव्हा डबा आणि बाटली मी घेतली. तक्रार घरी ठेवली, कारण दीड वर्षाने आयर्लंडमधल्या आमच्या ड्रोहेडाच्या बाहेर पडायला मिळत होतं. आमच्या गावाजवळून बॉइन नदी वाहते. टाळेबंदीत घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं होतं, तेव्हा तिच्या काठाने आम्ही इतकं चाललो, की तिथली बदकंही आम्हाला ओळखायला लागली.

खरं तर आमच्या घरात तक्रारी करण्याचं खातं माझ्याकडे नव्हतंच. ते हेमंतकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. तो औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी क्लोनडॉकिनच्या एका आयटी कंपनीत आहे, म्हणजे कंपनी क्लोनडॉकिनला आणि मी दीड वर्ष झोपायच्या खोलीत. अकरा वर्षांच्या गार्गीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते ड्रोहेडाच्या इंग्रजीत.

हेमंतचा स्वयंपाक नाकाचा. माझ्या आईसारखा तो थेंबभर तळहातावर घेऊन चाखत नाही. कढईवर वाकायचं, एक मोठा श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "धणे कच्चे राहिले." "मसाला जुना झाला." आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नाही आणि त्याचा वासही घ्यायचा नाही, ही माझ्या माहेरची शिस्त. त्यामुळे वर्षातला तेवढा एक दिवस हेमंतला स्वयंपाकघरात बंदी. वास न घेता फोडणी करणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं, असं म्हणत तो बाहेर आरास करत बसायचा. बाकी वर्षभर दर रविवारी घर त्याच्या सावजी रश्श्याने भरून जायचं, आणि सोमवार ते शनिवार माझ्या आमटीचा उद्धार व्हायचा. "पुन्हा गोडा मसाला घातला का? तुम्ही पुणेकर वरणाचाही मुरांबा करता बापा."

जानेवारीत त्याला कोविड झाला. ताप उतरला, खोकला गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी नाकाला रोज सराव द्यायला सांगितलं. मग रोज सकाळी हा माणूस प्रेसमधून, म्हणजे आमच्या इथल्या बोलीत कपाटातून, मिसळणाचा डबा काढून पुढ्यात घेऊन बसायचा. लवंग हुंगायची, हिंग हुंगायचा, मान हलवायची, डबा बंद करायचा. फेब्रुवारी गेला, पाडवा गेला, उन्हाळा गेला. त्याने स्वयंपाक सोडला. आणि माझ्या आमटीला नावं ठेवणंही सोडलं. पुढ्यात येईल ते "छान आहे" म्हणून खाऊ लागला. बारा वर्षं ज्या टीकेने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, ती ऐकायला मी आसुसले होते. हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

व्हॅलेन्सियाचं बोलावणं विसेंतचं. तो हेमंतचा कारखान्यातला सहकारी. मूळचा तिथला. आमच्या घरी सावजी चिकन खाऊन डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा वाढून घेणारा हा एकमेव युरोपियन. वसंतात तो नोकरी सोडून कायमचा घरी गेला. जाताना आयर्लंडमधून त्याने दोनच गोष्टी नेल्या, एक रेनकोट आणि दुसरा 'ग्रँड' हा शब्द. काहीही विचारा, त्याचं सगळं ग्रँड असतं. त्याने फोन केला. म्हणाला, आमचा फायासचा सण मार्चमध्ये असतो, महामारीमुळे तो राहिला होता, आता सप्टेंबरात होतोय. पुतळे जाळतात, आणि रोज दुपारी दारूगोळ्याचा मोठा बार उडवतात.

दारूगोळा म्हटल्याबरोबर माझ्या मनात एक बेत शिजला. हेमंत नेहमी सांगतो, की दिवाळीच्या पहाटे गच्चीवर फटाक्यांच्या धुराचा वास छातीभर घेतला, की लहानपण परत येतं. म्हटलं, लवंगेला जे जमलं नाही ते सुतळी बाँबला जमेल. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तरी गार्गीच्या शाळेला दांडी मारून मी तिकिटं काढली. माझा बेत मात्र मी कुणाला सांगितला नाही.

बाजार

ड्रोहेडात स्वेटर घालून निघालेलो आम्ही व्हॅलेन्सियात उतरलो ते थेट भट्टीत. रस्त्याकडेला ताडाची झाडं, मातकट रंगाच्या जुन्या इमारती, वर गॅलऱ्यांमधून वाळणारे कपडे. पहिल्याच दिवशी दुपारी टोपी घ्यायला बाहेर पडलो तर दुकानं बंद. संध्याकाळी पाचला उघडतील, असं एका आजोबांनी खुणांनी सांगितलं. हेमंतने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माहेरी आलीस." मला बरं वाटलं. टोमणे अजून शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यवर्ती बाजारात गेलो. बाजार कसला, देऊळच आहे. वर रंगीत काचा, घुमट, भिंतींवर फुलापानांच्या फरशा, आणि खाली कोळंबी, जिवंत गोगलगाई, लाल मिरच्यांच्या माळा, केशराच्या डब्या, छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्या. मास्कच्या आतूनही वास नाकात घुसत होते. समुद्राचा, पिकलेल्या खरबुजाचा, खारवलेल्या ऑलिव्हचा. हेमंत या सगळ्यातून आवाज बंद केलेला टीव्ही बघावा तसा चालत होता. एका मसालेवाल्या बाईंनी कौतुकाने केशराची डबी उघडून त्याच्या नाकापुढे धरली. त्याने मास्क खाली केला, हुंगलं, आणि डोळे मिटून "अहाहा" म्हटलं. बाई खूश झाल्या. आम्ही पुढे गेल्यावर मी विचारलं, "आला?"

"नाही. पण त्यांना काहून नाराज करायचं?"

बाजाराबाहेर ओर्चाता प्यायलो. जमिनीखाली होणाऱ्या एका बारीक कंदाचं दूध काढून, साखर घालून गारेगार देतात, आणि त्यात बुडवून खायला लांबोडका गोड पाव. मला ते पीयूषच्या जवळचं वाटलं. गार्गीने दोन पेले रिचवले. हेमंत म्हणाला, "गार आहे. गोड आहे." एवढंच त्याला कळत होतं, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे सांगत होता.

समोरच जुन्या रेशीमबाजाराची इमारत आहे. पिळाचे उंच दगडी खांब, वर जाऊन ताडासारखे उलगडणारे. एके काळी इथे रेशमाचे सौदे होत. बाहेरून सणासाठी नटलेल्या बायका चालल्या होत्या. भरजरी रेशमी घागरे, कानांवर वेण्यांची चक्रं, त्यात सोनेरी फण्या, आणि तोंडावर त्याच कापडाचे मास्क. आमच्या पैठणीच्या मापाने मी त्यांचे काठ न्याहाळत राहिले. त्यातल्या एकीने थांबून कापड हाताला लावून बघू दिलं. भाषा येत नसली तरी कापडावरून बायकांचं बोलणं अडत नाही.

नदी गेली कुठे

या गावात पूल आहेत, पण त्यांच्याखाली पाणी नाही. तूरिया नदीने पूर्वी एकदा पुराने गाव बुडवलं, तेव्हा लोकांनी नदीच उचलून गावाबाहेर नेली आणि रिकाम्या पात्रात बाग केली. दगडी पुलांखाली आता लोक सायकली चालवतात, मुलं फुटबॉल खेळतात, आणि संत्र्याच्या झाडांखाली म्हातारे पत्ते कुटतात. आपल्याकडे पात्रात बांधकाम करतात आणि नदीही तिथेच ठेवतात, मग दर पावसाळ्यात दोघांची मारामारी होते. बागेच्या टोकाला पांढऱ्याशुभ्र, माशाच्या सांगाड्यासारख्या दिसणाऱ्या प्रचंड नव्या इमारती आहेत. गार्गीला तिथलं मत्स्यालय एवढं आवडलं, की तिला बाहेर काढायला आइस्क्रीमची लाच द्यावी लागली.

त्याच दुपारी मास्क्लेता, म्हणजे तो रोजचा मोठा बार, बघायला गेलो. गर्दी आवरती राहावी म्हणून लोकांना दोरीपलीकडे उभं केलं होतं. मैदानात तारांवर फटाके टांगलेले. विसेंत म्हणाला, "बघायचं नाही, ऐकायचं. आमच्याकडे दारूकाम करणाऱ्याची परीक्षा कानाने होते." दोन वाजले आणि आधी एक एक बार, मग जोड्या, मग सरबत्ती, आणि शेवटी जमिनीतून पोटात शिरणारा असा काही कडकडाट झाला, की गार्गी माझ्या कुशीत शिरली. धुराचा पांढरा ढग आमच्यावरून गेला.

आणि तो वास आला. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला उटणं, जळालेल्या सुरसुरीची तार. माझे डोळे भरून आले. हेमंत डोळे मिटून उभा होता. त्याने डोळे उघडले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला येतोय का गं काही?"

मी म्हटलं, "नाही रे. वारा उलट्या दिशेने आहे."

तो 'अच्छा' म्हणाला. मग विसेंतकडे वळून म्हणाला, "शेवटी तुमच्या माणसाने लय काय मस्त वाढवली. समेवर आणून सोडलं." विसेंतला सम कळली नाही, पण स्तुती कळली. माझा बेत मात्र धुराबरोबर उडून गेला होता, आणि मला फार वाईट वाटत होतं.

रात्र

ड्रोहेडात रात्री नऊला रस्त्यावर सीगल पक्षी आणि चिप्सचे कागद उरतात. व्हॅलेन्सियात नऊला लोक जेवायला कुठे जायचं याचा विचार करतात. विसेंतने आम्हाला रुसाफा नावाच्या मोहल्ल्यात नेलं. फुटपाथवर टेबलं, दिव्यांच्या माळा, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं कुटुंब बाहेर. एका चौकात बँडवाले पोरापोरींना नाचवत होते, दुसऱ्या कोपऱ्यावर एक बाई कढईत फुग्यासारखे भोपळ्याचे वडे तळून साखरेत घोळवत होती. आपले घारगेच ते, फक्त मधे भोक. जेवण झाल्यावर कुणी उठत नाही. रिकाम्या ताटांभोवती बसून तास तास बोलतात, आणि वेटर बिल आणून आदळत नाही. आयर्लंडमध्ये गप्पांच्या मजेला 'क्रॅक' म्हणतात. गार्गीने निकाल दिला, "द क्रॅक इज बेटर हिअर. अँड दे लेट किड्स स्टे अप."

संत्र्याच्या रसात वाइन मिसळलेलं तिथलं प्रसिद्ध पेय एका मोठ्या सुरईतून आलं. मी दोन पेल्यांत बोलकी झाले. हेमंतने एक घोट घेऊन पेला बाजूला सारला. विसेंतने त्याला हळूच विचारलं, "अजून काहीच नाही?" हेमंतने मान हलवली आणि तो नाचणाऱ्यांकडे बघत बसला. विसेंत म्हणाला, "उद्या माझ्या आईकडे चला. ती पाएया करेल. तिचा भात खाऊन मेलेली माणसं उठतात."

अंपारोकाकूंचं अंगण

विसेंतची आई गावाच्या कडेला, भाजीच्या मळ्यांना लागून राहते. नाव अंपारो. पूर्वी त्यांचं औषधांचं दुकान होतं. सत्तरीच्या, बुटक्या, करड्या केसांच्या, आणि चालताना जमिनीला धडा शिकवल्यासारखे पाय टाकणाऱ्या. भेटल्या क्षणी मी मनात त्यांना अंपारोकाकू म्हणायला सुरुवात केली. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मधे विसेंत.

अंगणात संत्र्याच्या लाकडांचा जाळ, त्यावर हातभर रुंदीची उथळ कढई. पाएया म्हणजे ती कढई आणि त्यात होणारा भातही. खरा पाएया सशाचा, पण गार्गीने ससा म्हटल्यावर जो चेहरा केला तो बघून काकूंनी कोंबडीवर भागवलं. आधी मांस खमंग परतलं, मग शेंगा, टोमॅटो, पाणी, केशर. तांदूळ पसरला आणि काकूंनी बजावलं, की आता याला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, झाकायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यांत फरक असतो.

थोड्या वेळाने काकू बशा आणायला आत गेल्या. विसेंत बाटली उघडत होता, हेमंत आणि गार्गी मळ्याच्या बांधावर. कढईपाशी मी एकटी. तेवढ्यात भात चुरचुरू लागला. आणि मागोमाग वास आला. करपल्याचा.

भात लागत असताना मराठी बाईने काय करायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. हात आपोआप चालतात. टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, भातावर रिकामा केला, मोठा झारा घेतला आणि तळापासून खरवडून सगळं वर-खाली करून टाकलं. चुरचुर थांबली. वाचवला बाई भात, म्हणून मी समाधानाने वर बघितलं.

विसेंत बाटली हातात धरून उभा होता. आयर्लंडमध्ये इतकी वर्षं काढून या वेळी त्याला 'ग्रँड' म्हणता आलं नाही.

दारात अंपारोकाकू आल्या. त्या कढईकडे बघत नव्हत्या. मान एका बाजूला कलती करून त्या थबकल्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं आणि विसेंतने ते जसंच्या तसं मला सांगितलं.

"ती विचारते, भात गप्प का झाला?"

मग मला समजलं. तळाशी धरणारी ती खरवड, तिला सोकार्रात म्हणतात, तीच पाएयाचा जीव. ती धरावी म्हणूनच काकूंनी शेवटी जाळ वाढवला होता. चुरचुर म्हणजे ती धरत असल्याची खूण. आणि आपण ज्याला लागलेला भात म्हणून मोलकरणीच्या नावाने खडे फोडतो, त्यासाठी इथे भाऊ-भाऊ भांडतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकूंनी कढईत डोकावून माझी खिचडी बघितली, खुर्चीत बसल्या, आणि पदर नव्हता म्हणून एप्रनमध्ये तोंड लपवून हसू लागल्या. बांधावरून हेमंत आला. कढई बघून तोही हसायला लागला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जानेवारीपासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. त्यासाठी मी आणखी दोन कढया बुडवल्या असत्या.

हसू ओसरल्यावर काकूंनी मला विचारलं, तुला कसं कळलं भात लागतोय ते? मी म्हटलं, "वास आला." विसेंतने सांगितलं. त्या मान हलवून शांतपणे काही बोलल्या. विसेंत आमच्याकडे वळला, बोलायला तोंड उघडलं, आणि परत आईकडे वळून काहीतरी विचारू लागला. त्या उत्तर देत होत्या. त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. आम्ही तिघं बघत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "ती म्हणते, तू नशीबवान. तिला वास येत नाही. गेल्या वर्षीच्या मार्चपासून."

"तुला माहीत नव्हतं?" हेमंतने विचारलं.

"नाही. मी तेव्हा ड्रोहेडात अडकलो होतो. फोनवर रोज म्हणायची, सगळं ठीक आहे. परत आलो त्याला पाच-सहा महिने झाले. दर रविवारी तिच्या हातचं खातोय. मला काही कळलंच नाही."

काकूंनी हात उडवून म्हटलं, सांगून काय करणार होतास, नाक पाठवणार होतास का पोस्टाने? पण मुलाचा हात त्यांनी सोडला नव्हता.

हेमंत खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. "त्यांना विचार, मग भात होतो कसा? मसाला कच्चा की झाला, कसं समजतं?"

काकूंनी आपल्या कानाला हात लावला. म्हणाल्या, नाक गेलं तेव्हा मी दोन महिने पाव आणि चीज खाऊन काढले. मग एकदा कांदा परतताना लक्षात आलं, की हा बोलतोय. कच्चा असताना एक बोलतो, पाणी सुटल्यावर दुसरं, लाल झाल्यावर तिसरं. नाक असताना ऐकायला वेळच नव्हता.

आम्ही माझी खिचडी खाल्ली. काकूंनी हेमंतला सांगितलं, रविवारी पुन्हा या, भात तुम्ही करायचा. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, हिने लांब बसायचं.

रविवार

रविवारी मी खरंच लांब बसले. काकूंनी हेमंतला कढईकडे पाठ करून उभं केलं. बघितलंस की घाबरशील, म्हणाल्या. तो हात मागे बांधून, मान कलती करून उभा राहिला. पाणी उकळायचा जाड आवाज मलाही लांबून येत होता. मग तो पातळ झाला. मग पावसाच्या शेवटच्या थेंबांसारखी तुरळक टपटप. मग ती चुरचुर. मला खुर्चीत बसवेना. करपल्याचा वास आला तसे माझे हात शिवशिवले. गार्गीने माझं मनगट धरून ठेवलं. "डोंट यू डेअर, आई."

हेमंत थांबला. आणखी थांबला. मग त्याने हात वर केला आणि काकूंनी त्याच क्षणी जाळावरून कढई ओढली. दोघांना ते एकाच वेळी ऐकू आलं होतं.

पाएया ताटात वाढून घेत नाहीत. कढई टेबलाच्या मधोमध ठेवतात, प्रत्येकाने आपला चमचा घ्यायचा आणि आपल्यासमोरच्या त्रिकोणात कडेपासून मधल्या टोकाकडे खात जायचं. म्हणजे सगळ्यांचे उष्टे चमचे एकाच भांड्यात. लहानपणी भावाच्या पेल्यातलं पाणी प्यायले म्हणून ओरडा खाल्लेली मी, त्यात महामारीचं वर्ष. पण सगळ्यांच्या दोन्ही लशी झाल्या होत्या, आणि माझ्या नावावर आधीच एक कढई होती. मी चमचा उचलला. आणि मग समजलं, की इथे उष्ट्याचा नियम नसला तरी हद्दीचा कडक नियम आहे. शेजाऱ्याच्या त्रिकोणात चमचा गेला की संपलं. आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात, तेच इथे भातात.

हेमंतने तळ खरवडला. तपकिरी, कुरकुरीत पापुद्रा वर आला. त्याने तो तोंडात घातला आणि चावला. त्या पापुद्र्याचा आवाज मलासुद्धा आला. त्याने आणखी एक खरवडला. मग आणखी. मग त्याचा चमचा हळूच डावीकडे सरकला.

"बाबा, दॅट्स माय बिट," गार्गी म्हणाली.

"बापाला अर्धा हिस्सा असतो," तो म्हणाला, आणि तिचा बांध कोरून मोकळा झाला.

संध्याकाळी सगळे मिळून काकूंच्या मोहल्ल्याचा पुतळा जाळायला गेलो. संचारबंदी होती, म्हणून यंदा होळी लवकर. दुमजली घराएवढा रंगीत पुतळा, राजकारण्यांची टिंगल करणारा. मोहल्ल्याने वर्गणी काढून केलेला आणि दीड वर्ष गोदामात पडून राहिलेला. वाटलं होतं आपल्या विसर्जनासारखं ढोल-ताशे असतील. पण पहिली ज्योत चढली तशा नटलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. दीड वर्ष कुणालाच धड रडायला मिळालं नव्हतं. बँड वाजत होता आणि मीही त्या अनोळखी बायकांबरोबर रडले.

काळा धूर आमच्याकडे वळला. गार्गीने नाक दाबलं. हेमंत आणि अंपारोकाकू शेजारी शेजारी निवांत उभे होते, त्या सगळ्या गर्दीत दोघांनाच त्रास नव्हता. हेमंत मला म्हणाला, "कसला वास येतोय, सांग."

मी म्हटलं, "थर्माकोल आणि ऑइलपेंट जळल्याचा. घाणेरडा."

"आणि त्या दिवशी? फटाक्यांचा?"

आता मी खरं सांगितलं. "आला होता. दिवाळीचाच."

"माहीत होतं," तो म्हणाला. "वारा आपल्याकडेच होता." आणि त्याने माझा हात हातात घेतला.

ड्रोहेडा

परतल्यावर चारच दिवसांत गणपती होते. ड्रोहेडात पाऊस, खुर्च्यांवर ओले स्वेटर, आणि मी ऑफिसच्या कामात बुडालेली. मोदक आदल्या दिवशी दुकानातून आणावेत आणि वरण-भातावर भागवावं, असं मी ठरवत होते.

हेमंत म्हणाला, "नैवेद्य मी करतो."

"अरे, पण तुला..." मी अर्ध्यावर थांबले. मग वेगळ्या बाजूने विचारलं, "चव कोण बघणार?"

"नैवेद्याची चव बघतात का?"

पुण्याने ओटा मोकळा करून दिला.

सकाळी आंघोळ करून, सोवळ्याऐवजी धुतलेला टी-शर्ट घालून तो ओट्यापाशी उभा राहिला. गार्गीला एक्झॉस्ट फॅन बंद करायला सांगितलं. रेडिओ बंद करायला लावला. मला वाटीत काय काय काढायचं ते सांगितलं, आणि गोड्या मसाल्याचा डबा मी पुढे केला तेव्हा त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला सण साजरा झाल्यासारखं वाटलं.

"हा कशाला?"

"गणपती माझ्या माहेरचा आहे."

"बरं. अर्धा चमचा. देवासाठी."

तेल तापलं. त्याने मोहरी टाकली आणि मान कलती केली. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि सवयीने मोठा श्वास घ्यायला लागले. त्याने मागे न बघता हात वर केला.

"वास घेऊ नको, नैवेद्य आहे. आणि गप्प राहा जरा, ऐकू येऊन राहिलं."

मी नाक दाबलं. मग आम्ही दोघं तसेच, वासाशिवाय, मोहरी तडतडायची थांबेपर्यंत उभे राहिलो.